विश्वासाचा जमाखर्च

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. पदव्युत्तर वर्गाला मी 'स्मृतिचित्रे' शिकवत होतो. लक्ष्मीबाई टिळकांचे हे पुस्तक शिकवायला सोपे. वर्ग हसतो, शिक्षकाला आपण बरे शिकवतो असे वाटू लागते आणि तास कधी संपला ते कळत नाही. त्या दिवशी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी टेबलाशी थांबली. नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी, घर ख्रिस्ती. वर्गात फारशी बोलत नसे. म्हणाली, "सर, छान शिकवता तुम्ही. पण त्यातली माणसं प्रार्थना करतात, ते तेवढं गाळता."

मी म्हणालो, "गाळत नाही गं. तो त्या काळाचा संदर्भ आहे, तो मी सुरुवातीलाच सांगितला."

"संदर्भ नाही सर. आमच्या घरी रोज असते ती."

मला उत्तर सुचले नाही. सुचले नाही याला आणखी एक कारण होते. चार वर्षांपूर्वी याच पुस्तकावर मी एक लेख लिहिला होता आणि त्यात लक्ष्मीबाईंचा विनोद 'श्रद्धेच्या ओझ्याखाली न दबलेला' आहे असे एक वाक्य टाकले होते. वाक्य अनेकांना आवडले होते. मलाही आवडले होते. श्रद्धा म्हणजे ओझेच असणार आणि विनोद म्हणजे त्या ओझ्यातून सुटका, हे मी न तपासता गृहीत धरले होते. प्रस्तुत लेख ही त्या वाक्याची उशिरा केलेली दुरुस्ती आहे. ती करताना लक्ष्मीबाईंपाशी येण्याआधी मला दुसऱ्या दोन माणसांकडून यावे लागले : पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक.

प्रश्न थोडक्यात असा. ख्रिस्ती मंडळीत एक विचार सतत ऐकू येतो की, मंडळीवर सोपवलेले काम मंडळीच्या स्वतःच्या बळावर होणारे नाही, ते देवाच्या सामर्थ्याने व्हायचे आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा आरंभच त्यावर आहे. शिष्यांना जगभर साक्षी म्हणून जायचे आहे, पण आधी यरुशलेमात थांबायचे आहे, वरून सामर्थ्य मिळेपर्यंत. उपासनेत हे ऐकताना माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाच्या मनात दोन शंका येतात. एक, हे निव्वळ दैववादाचे सोज्ज्वळ रूप तर नव्हे? दुसरी जास्त बोचरी : देवाच्या सामर्थ्याने झाले असे म्हणताना ज्या हातांनी ते झाले त्यांची नावे पुसली जात नाहीत ना? या शंकांची उत्तरे धर्मशास्त्राच्या ग्रंथांत मिळतात की नाही, मला सांगता येणार नाही. तो माझा प्रांत नाही. मराठी मुलखातल्या माणसांनी या विचारावर आयुष्य रेटले आणि त्याविषयी लिहून ठेवले, ते लेखन मात्र माझ्या प्रांतातले आहे.

रमाबाईंपासून सुरुवात करू, कारण पहिली शंका त्यांच्या आयुष्यात अक्षरशः भुकेच्या रूपाने उभी राहिली होती.

१८९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला असताना रमाबाईंनी इंग्रजीत आपले जुने दुष्काळाचे अनुभव लिहिले. वीस-बावीस वर्षांपूर्वी दक्षिणेत भटकणारे डोंगरे कुटुंब कसे संपले याची ती हकिकत आहे. अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून वाळीत पडण्याची वेळ ओढवून घेतलेले. पण उपजीविकेच्या बाबतीत त्यांचा भरवसा देवावर. तीर्थे करायची, पुराणे सांगायची, आलेले ब्राह्मणांना आणि देवाला द्यायचे, म्हणजे देव काळजी घेईल. पैसे संपले, भांडी-दागिने संपले, दुष्काळ आला, आणि देव काही द्रव्य दाखवील म्हणून उपास, जप, अनुष्ठाने चालूच राहिली. शेवटी अकरा दिवस रानात झाडपाला आणि रानखजूर खाऊन काढले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले, मुलांचे निरोप घेतले, आणि मग मुलाने मजुरी करण्याची तयारी दाखवल्यावर तो बेत मागे पडला. पण उशीर झाला होता. वडील गेले, आई गेली, पुढे बहीण गेली. उरलेले भाऊ-बहीण देशभर पायी हिंडले. झेलमच्या काठी थंडीत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या.

या हकिकतीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जागा भुकेची नाही. रमाबाई कबूल करतात की, आम्हांला भीक मागण्याची लाज वाटत होती आणि हाताने काम करण्याचीही. देवावर विसंबणे आणि हात न हलवणे ही दोन्ही त्या घरात एकाच प्रतिष्ठेची अंगे होती. वडिलांविषयी त्या कडवट होत नाहीत. त्यांच्या निरोपाची जागा त्यांनी फार मायेने लिहिली आहे. पण देवावरच्या भरवशाने आपले आईबाप उपाशी मेले, हे या बाईला ठाऊक होते. आणि हीच बाई पुढे केडगावला दीड हजारांहून अधिक मुली-बायकांची संस्था प्रार्थनेच्या भरवशावर चालवते आणि पैशासाठी माणसापुढे हात पसरायचा नाही असे ठरवते. हे कसे?

उत्तर शोधायला १९०७ च्या 'अ टेस्टिमनी' या त्यांच्या छोट्या पुस्तकाकडे जावे लागते. ख्रिस्ती मराठीत या लेखनप्रकाराला 'साक्ष' म्हणतात. साक्षीचा एक साचा ठरलेला असतो : आधीचा अंधार, मग प्रकाशाचा क्षण, मग नवे जीवन. रमाबाईंच्या साक्षीत हा साचा आहे, पण त्याला एक चमत्कारिक मुरड पडली आहे. बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेज येथे झाला. प्रकाश मात्र आठेक वर्षांनंतर. त्या म्हणतात, मला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मधली वर्षे त्यांनी काय केले? इंग्लंडात बिशप आणि मठवासिनींशी वाद घातले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्याचे जोखड मी मानेवर घेणार नाही, असा त्या पत्रांचा आशय आहे. अमेरिकेत फिरून विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षांच्या मदतीची हमी मिळवली. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढल्या वर्षी ते पुण्याला नेले, आणि १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या संशयावरून पुण्यात गहजब झाला, सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकर बाहेर पडले.

मदतीच्या प्रत्येक हाताला दोरी होती, असे या वर्षांचे सार आहे. पुण्याच्या सुधारकांची दोरी धर्माबाबत गप्प राहण्याची, अमेरिकन मंडळाची दोरी संस्था निधर्मी ठेवण्याची, इंग्लंडातल्या चर्चची दोरी त्यांच्या शिस्तीत राहण्याची. नेमक्या याच काळात रमाबाईंच्या हाती काही पुस्तके येतात. ब्रिस्टलला अनाथालये चालवणारा जॉर्ज म्युलर, चायना इन्लंड मिशनची हकिकत, जॉन पेटनचे चरित्र. म्युलरचा नियम असा की, गरज देवाला सांगायची, माणसाला नाही. रमाबाईंनी तो उचलला.

हा नियम आपण नेहमी भाविकपणाचे टोक म्हणून वाचतो. माझ्या मते रमाबाईंच्या हातात तो स्वातंत्र्याचे हत्यार झाला. ज्याच्याकडे मागायचे नाही त्याला अटी घालता येत नाहीत. 'मी केवळ देवावर अवलंबून आहे' या वाक्याचा दुसरा अर्धा भाग 'म्हणून तुमच्यापैकी कुणावर नाही' असा आहे, आणि तो लंडन, बोस्टन आणि पुणे या तिन्ही गावांना उद्देशून आहे. मुक्ती मिशन कोणत्याही एका संप्रदायाच्या मालकीचे झाले नाही, याचे रहस्य मला इथे दिसते.

आणि वडिलांच्या भरवशापेक्षा हा भरवसा वेगळा कुठे? रमाबाईंच्या साक्षीत एक प्रार्थना आहे. लोणावळ्याच्या एका शिबिरात त्या आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. तिथे त्यांनी देवाकडे या संख्येचा वर्ग मागितला, पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे दोनशे पंचवीस. (शास्त्र्याच्या घरातली मुलगी, प्रार्थनेतही गणित पक्के.) त्यानंतर दुष्काळ आला, त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. भाविक वाचक इथे चमत्कार वाचतो. मी शेजारचा तपशील वाचतो. केडगावची जमीन त्याआधीच घेतलेली होती. संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून तिथे फळबाग करायची होती. प्लेगच्या दिवसांत पुण्यात एवढ्या मुली ठेवता येईनात, तेव्हा त्या या जमिनीवर आल्या. विहिरी खणल्या गेल्या, पुढे विणकाम, शिवणकाम, शेती, छापखाना सुरू झाला. ज्या घरात हाताने काम करणे लाजिरवाणे होते त्या घरातल्या मुलीने प्रार्थनेच्या शेजारी काम नेऊन ठेवले. अनंतशास्त्र्यांच्या श्रद्धेत देव आणि भूक यांच्यामध्ये काही नव्हते. रमाबाईंच्या श्रद्धेत मध्ये विहीर आहे.

आता आक्षेप. मागायचे नाही असा नियम असला तरी 'मुक्ती प्रेयर बेल' नावाचे पत्रक इंग्रजीत निघत होते आणि ते परदेशी जात होते. त्यात गरजांचे वर्णन असे, आलेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार असत. वाचणाऱ्याला जे समजायचे ते समजे. म्युलरही दरवर्षी हकिकती छापत असे. म्हणजे न मागणे ही मागण्याचीच एक रीत झाली, असे कुणी म्हटले तर ते खोटे नाही. वरून येणारे सामर्थ्य आगबोटीने येत होते आणि त्यावर परदेशी टपालाचे शिक्के होते. पण मला या आक्षेपाचे वजन पूर्वी वाटे तेवढे आज वाटत नाही. देणाऱ्याला कृतज्ञतेची पावती मिळत होती, कारभारात हात घालायचा हक्क मिळत नव्हता, आणि एका विधवा हिंदी बाईला तेव्हाच्या साम्राज्यात याहून चांगला करार मिळाला असता असे वाटत नाही. रमाबाईंच्या साक्षीतली त्रुटी मला दुसरीकडे दिसते. विहिरी कुणी खणल्या, तीनशे मुलींचे पहिले महिने कुणी निभावले, आजारी मुलींचे कोण करत होते, यांतली माणसे त्या पुस्तकात धूसर आहेत. सगळे श्रेय वर जाते. माझी दुसरी शंका इथे उरते.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत जे आत्मिक संजीवन झाले त्याविषयी थोडेच लिहितो, कारण त्यावर ख्रिस्ती इतिहासकारांनी भरपूर लिहिले आहे. शेकडो मुली एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या; वेल्समध्ये नुकत्याच झालेल्या अशाच लाटेची वार्ता आधी आली होती. काही मिशनऱ्यांना हा गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी त्याची पाठराखण केली. हिंदी माणसाला त्याच्या रीतीने रडू-हसू द्या, असा त्यांचा रोख होता. मला लक्षणीय वाटते ते हे की, याच वर्षांत त्याच आवारात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून, कोश उघडून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. एकीकडे मंदिरात शब्दांच्या पलीकडची प्रार्थना, दुसरीकडे एकेका शब्दाची तपासणी. पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यावर अढळ विश्वास असलेल्या बाईने व्याकरण त्याच्यावर सोपवले नाही.

या भाषांतराचे धोरणही पाहण्यासारखे आहे. हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले संस्कृत शब्द शक्य तितके टाळायचे आणि खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशी मराठी लिहायची, असा त्यांचा आग्रह होता. भाषेच्या सौंदर्याच्या दृष्टीने हा आग्रह मला महाग पडलेला वाटतो. वाक्ये कित्येकदा कोरडी, अडखळती होतात. संस्कृतावर असे प्रभुत्व असलेल्या दुसऱ्या कुणी जाणूनबुजून स्वतःला इतके गरीब करून घेतले असेल असे मला वाटत नाही.

टिळकांनी नेमके उलट केले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी ख्रिस्तापाशी तुकारामाच्या वाटेने आलो असे म्हणत असे. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होतो, गुरू होतो. देवाच्या बळावर अवलंबून असणे या कल्पनेला वारकरी परंपरेत तयार घर होते : लेकराने आईच्या कडेवर असणे. तिथे सामर्थ्य म्हणजे दरारा नव्हे, तर भूक लागल्यावर रडण्याचा हक्क. टिळकांनी ती जागा बरोबर हेरली, आणि म्हणूनच मराठी ख्रिस्ती उपासनेत टिळकांची पदे आजही मुक्कामाला आहेत. काव्य म्हणून सगळी सारखी नाहीत. पुष्कळ अभंगांत विचार पुढे आणि अनुभव मागे राहतो. पण भाषेच्या निवडीत टिळक जिंकले आणि रमाबाई हरल्या, असे स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

टिळकांच्या आयुष्यातला या विषयाशी सरळ भिडणारा प्रसंग १९१७ चा. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये दोन दशके काम केल्यावर, 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग सांभाळत असतानाच, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात सामावून घ्यायचे, परकी वेष उतरवलेली मंडळी उभी करायची, आणि हे काम पगारावर नाही, देवाच्या भरवशावर करायचे. रमाबाईंच्या न मागण्यात जे दडलेले होते ते इथे उघड झाले. देवावर विसंबणे म्हणजे मिशनच्या बोर्डावर न विसंबणे. पण रमाबाईंजवळ जमीन, विहिरी, छापखाना होता. टिळकांजवळ वाणी होती. ९ मे १९१९ ला ते गेले, आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

इतपत मांडणी करून मी ती माझ्या त्या विद्यार्थिनीला दाखवली. मधल्या काळात ती शिक्षिका झाली होती. तिने वाचून कागद परत केले आणि म्हणाली, "सर, टिळकांनी पगार सोडला त्याचं तुम्हाला फार कौतुक आहे."

"का नसावं?"

"माझे पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. मांगवाड्यातला पहिला पगार होता तो. त्यांना कुणी म्हटलं असतं, पगार सोडा, देवाच्या भरवशावर राहा, तर ते म्हणाले असते, हा पगारच देवानं दिलाय."

नगर जिल्ह्यातली बहुसंख्य ख्रिस्ती मंडळी महार आणि मांग समाजांतून आली, हे मला माहीत नव्हते असे नाही. पण माझी तिन्ही माणसे ब्राह्मण घरांतली होती, आणि त्यांच्या त्यागावर मी सामर्थ्याची व्याख्या बेतली होती. ज्याच्याकडे सोडण्यासारखे काही आहे त्याचा विश्वास सोडण्यातून दिसतो. ज्याच्या पिढ्यांना काही मिळालेलेच नाही, त्याचा विश्वास मिळाले ते धरून ठेवण्यातून दिसेल. ही दुसरी बाजू मराठी साहित्यात फारशी लिहिली गेली नाही. पणजोबांनी साक्ष लिहिली नाही. त्यांच्या नावाची एक हजेरीची वही घरात आहे, तेवढीच.

तिच्या आग्रहावरून सुगीनंतरच्या एका रविवारी मी तिच्या गावच्या उपासनेला गेलो. पत्र्याचे छप्पर असलेले छोटे चर्च, बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. छप्पर दुरुस्तीचे काम रखडले होते. वडील मंडळींपैकी एकाने उभे राहून दीर्घ प्रार्थना केली : प्रभू, आमच्यात बळ नाही, तूच हे काम पुरे कर. 'आमेन' म्हणून डोळे उघडले, खिशातून कागद काढला आणि त्याच आवाजात वाचू लागला : अमक्या बाई, बाजरी एक पायली, अमके, रोख दोनशे, अमक्या, कोंबडी एक. उपासना संपल्यावर अंगणात कोंबडीचा लिलाव झाला. दोघांनी चढाओढ केली, हशा पिकला, शेवटी ज्याने घेतली त्याने ती परत अर्पणात दिली आणि दुसऱ्यांदा लिलाव झाला. मला त्या कागदात रमाबाईंच्या साक्षीत न सापडलेली गोष्ट सापडली. सामर्थ्य देवाचे, असे म्हटल्यावर लगेच प्रत्येक पायलीला नाव होते.

तिथून परत आल्यावर मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा उघडले.

लक्ष्मीबाई १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या ताटातुटीचे दुःख, मग पुन्हा एकत्र येणे, एकाच संसारात नवरा ख्रिस्ती आणि हिचे सोवळे-ओवळे वेगळे, हा भाग सगळ्यांना आठवतो. त्यांचे खरे परिवर्तन कुणाच्या प्रवचनाने होत नाही. जातीचे भेद देवाने केले की माणसाने, असा प्रश्न त्या स्वतःशीच घोळवतात, माणसाने केले असे उत्तर येते, आणि मग त्या कुणाच्याही हातचे खायला-प्यायला तयार होतात. साक्षीच्या साच्यात इथे प्रकाश, अश्रू, आवाज यावा लागतो. लक्ष्मीबाईंच्या इथे तर्क येतो आणि त्याच्या पाठोपाठ पाण्याचा तांब्या. सामर्थ्य आले असे त्या म्हणत नाहीत. काल जे जमत नव्हते ते आज जमते, एवढेच दाखवतात.

आणि टिळकांचा तो प्रसिद्ध उदारपणा. हाती आलेला पैसा वाटून टाकायचा, उद्याची चिंता देवावर. दुष्काळातली अनाथ मुले घरी आणायची. मी हे प्रसंग विनोदी म्हणून शिकवत होतो आणि ते विनोदी आहेतच. पण त्या विनोदाची जागा आता मला वेगळी दिसते. नवरा देवावर भार टाकतो, आणि तो भार वरून खाली येताना ज्या ठिकाणी टेकतो ते ठिकाण म्हणजे लक्ष्मीबाईंचे स्वयंपाकघर. हे त्यांना कळते आणि त्या ते सांगतात. तक्रार म्हणून सांगत नाहीत; तक्रार असती तर पुस्तक कधीच विस्मरणात गेले असते. श्रद्धेला नाकारूनही सांगत नाहीत, कारण त्याच पोरांना त्या त्याच श्रद्धेने वाढतात. घरात खरेच काही नसताना काहीतरी येऊन पडते, हेही त्या नोंदवतात. मात्र आले ते कुणाच्या हातून आले, त्याचे काय रांधले, किती जण जेवले, हे त्यांच्या पुस्तकात असते. नवऱ्याच्या विश्वासाचा जमाखर्च बायकोने ठेवला आहे, आणि खर्चाच्या बाजूला स्वतःचे नाव लिहायला ती लाजत नाही.

म्हणून 'ओझ्याखाली न दबलेला विनोद' हे माझे वाक्य चुकीचे होते. विनोद श्रद्धेपासून सुटलेला नाही, तो श्रद्धेच्या आतला आहे. ज्या बाईची देवाशी घसट आहे तीच देवाच्या माणसांना अशी हसू शकते. टिळकांनी माउलीच्या कडेवरच्या लेकराची प्रतिमा अभंगांत आणली. लक्ष्मीबाईंनी कडेवर घेणारीच्या कमरेचे सांगितले.

मला यात रमाबाईंनाही कमी लेखायचे नाही. दीड हजार बायकांची संस्था चालवणाऱ्या बाईला घरातल्या बाईइतका सैल सूर परवडला नसता. तिच्या साक्षीवर भाकऱ्या अवलंबून होत्या. लक्ष्मीबाईंनी लिहिले तेव्हा टिळकांना जाऊन बरीच वर्षे झाली होती, मुलगा लिहा म्हणून मागे लागला होता, आणि १९३४ पासून पुस्तक भागाभागाने बाहेर येऊ लागले. दोन प्रकारच्या लेखनाला दोन प्रकारची मोकळीक मिळाली, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

'ख्रिस्तायना'चे मात्र सांगायला हवे. ख्रिस्तचरित्रावरचे हे ओवीबद्ध काव्य टिळकांनी सुरू केले आणि थोड्या अध्यायांनंतर ते अपुरे ठेवून ते गेले. ज्या बाईचे शिक्षण जेमतेम अक्षरओळखीपासून नवऱ्याच्या लहरीप्रमाणे झाले, तिने पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. काव्यगुणांनी ते समसमान नाहीत. लांबच लांब पट्टे निव्वळ कथन करतात. पण मरियेच्या आणि इतर बायकांच्या प्रसंगांत ओवी जात्यावर बसल्यासारखी मोकळी होते. समीक्षकांनी या काव्याकडे जवळजवळ पाहिलेले नाही. मीही या वर्षापर्यंत सगळे वाचलेले नव्हते, हे कबूल करतो. मंडळीच्या कामाला वरून बळ मिळते म्हणजे प्रत्यक्षात काय होते, असे मला आज कुणी विचारले, तर नवऱ्याचे अर्धे राहिलेले काव्य समोर घेऊन बसलेली आणि एकेक अध्याय पुरा करत जाणारी ही बाई मी दाखवीन.

रमाबाईंच्या अखेरच्या दिवसांविषयी ख्रिस्ती मंडळीत एक गोष्ट सांगतात. बायबलच्या भाषांतराची मुद्रिते तपासायची राहिली होती, प्रकृती ढासळली होती. त्यांनी देवाकडे दहा दिवस मागितले, दहा दिवसांत काम संपले आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. गोष्ट दंतकथेसारखी घाटदार आहे, आणि मी ती दंतकथेसारखीच ऐकतो. पुढे १९२४ मध्ये ते बायबल मुक्तीच्या छापखान्यात छापून पुरे झाले. खिळे जुळवणाऱ्या, फर्मे छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या; त्यांतल्या कित्येक दुष्काळात आलेल्या. हे मी माझ्या विद्यार्थिनीला फोनवर सांगितले, तेव्हा तिने विचारले, "त्यांची नावं कुठं मिळतील, सर?" आम्ही दोघे सध्या ती शोधतो आहोत. पुढच्या महिन्यात केडगावला जायचे ठरले आहे. तिने शाळेतून दोन दिवसांची रजा काढली आहे.